गुरुवारी न झालेली साक्ष

बर्फाच्या कारखान्यात बाबांची दोन बोटं गेली तेव्हा मी सातवीत होते. तिसऱ्या दिवशी मालकाचा माणूस रत्नागिरीच्या इस्पितळात एक कागद घेऊन आला. बाबांच्या उजव्या हाताला बँडेज होतं, म्हणून डाव्या हाताचा अंगठा घेतला. कागदाची एक प्रत घरी आली. घरात वाचता येणारी मी एकटी. मी मोठ्याने वाचलं, "कामगाराच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे." आई म्हणाली, "परत वाच." मी परत वाचलं. तेच होतं. मशीनची जाळी महिनाभर तुटलेली होती, हे त्या कागदात कुठेच नव्हतं.

त्या एका ओळीमुळे बाबांना बंदरावर दुसरीकडेही कुणी कामाला ठेवेना. "हा मशीनमध्ये हात घालतो," असं म्हणायचे. पुढची सहा वर्षं आईने कोळंबी सोलून घर चालवलं. बर्फातल्या कोळंबीने तिच्या बोटांची सालं निघायची आणि रात्री भाकरी थापताना मीठ लागलं की ती हात पाण्यात घालायची.

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. आधी बी.ए., मग एलएल.बी. हे मी मुद्दाम सांगते, कारण मला त्याचा अभिमान आहे. पुढची गोष्ट बिघडली त्यात ह्या अभिमानाचाही हात होता.

लग्नानंतर मी सिंगापूरला आले. नवरा जहाजावर इंजिनियर होता, नंतर इथल्या दुरुस्तीच्या यार्डात लागला. आम्ही पुंगोलला फ्लॅट घेतला तेव्हा तिथे निम्म्या प्लॉटवर अजून क्रेन उभ्या होत्या. मला जहाजांच्या केसेस करणाऱ्या एका लहानशा लॉ फर्ममध्ये नोकरी मिळाली. इथली सनद नसल्यामुळे मला कोर्टात बोलता येत नाही. अर्ज तयार करायचे, साक्षीदारांना भेटायचं, तारखा सांभाळायच्या, हे माझं काम. बॉस मिस ओंग. चाळिशीची, बुटकी, भराभर चालणारी बाई. कॉफी घेताना सुद्धा उभी.

एक दिवस ऑफिसात फोन आला. "तिकडे कोणी मराठी बोलणाऱ्या मॅडम आहेत ना?" फोन सिंगापूरच्याच हौगांग भागातून होता. रूपाली नावाची मुलगी. तिचे वडील यशवंत तांडेल हर्णैचे. एका केमिकल टँकरवर बोसन होते, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम. मुलीकडे चार महिने राहायला म्हणून आले आणि खोकला म्हणून डॉक्टरकडे गेले. फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला, तोही पसरलेला. विमानप्रवास डॉक्टरांनी नको म्हणून सांगितला होता.

"औषधाचं आमचं आम्ही बघतोय," रूपाली म्हणाली. "पण बाबांना काहीतरी सांगायचंय. कोर्टात सांगायचंय. मला म्हणतात, मी असाच गेलो तर संतोषचं खरं कोण सांगणार?"

संतोष त्याच टँकरवर पंपमन होता. टँकरमधल्या टाक्या आणि पंप सांभाळणारा माणूस. जहाज सिंगापूरच्या बाहेर नांगरलेलं असताना तो एका रिकाम्या टाकीत उतरला आणि आतल्या वायूने गुदमरून गेला. अशा टाकीत उतरण्याआधी मीटरने आतली हवा तपासायची असते आणि अधिकाऱ्याने परमिट सही करून द्यायचं असतं. हा नियम जहाजावर सगळ्यांना पाठ. जहाजाचा कारभार बघणाऱ्या कंपनीच्या रिपोर्टात लिहिलं होतं, "मृत खलाशी परमिट न घेता, स्वतःहून टाकीत उतरला."

संतोषची बायको सुनीता हर्णैला अंगणवाडी सेविका. तिने फोनवर मला पहिलंच वाक्य हे सांगितलं, "ताई, मला वाचता येतं. तो रिपोर्ट मी वाचलाय. भरपाईचं काय व्हायचं ते होईल. ती ओळ काढून द्या."

मी फोन ठेवला आणि नव्या फाइलवर सगळ्यात वर तेच लिहिलं.

आता वरवर साधी गोष्ट. दावा लावायचा, साक्षीदार उभा करायचा. पण सुनीताला संतोषच्या वतीने दावा लावायचा तर आधी वारस म्हणून कोर्टाचा कागद हवा. तो मिळायला महिने लागणार होते. तांडेलकाकांच्या डॉक्टरांनी आठवडे सांगितले होते.

मिस ओंगने मार्ग काढला. दावा लागायच्या आधीच साक्ष नोंदवून घ्यायची. ह्याला डिपॉझिशन म्हणतात. कोर्टाने नेमलेला माणूस साक्षीदाराकडे येतो, शपथ देतो, दोन्ही बाजूंचे वकील प्रश्न विचारतात, शब्दन् शब्द टाइप होतो. साक्षीदार नंतर गेला तरी ती साक्ष उभी राहते. तांडेलकाकांचं दोन पानी अ‍ॅफिडेव्हिट आम्ही अर्जाला जोडलं होतंच. पण अ‍ॅफिडेव्हिट एका बाजूचं. वर ते इंग्रजीत, आणि काकांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. समोरचा वकील म्हणणार, हे मॅडमनी लिहिलंय, म्हाताऱ्याने सही केलीय. माणसाला उलटे प्रश्न विचारून झाले आणि तरी तो टिकला, तर त्याच्या बोलण्याला वजन.

कागद वाचून दाखवायला मी पहिल्यांदा हौगांगला गेले तेव्हा काका सोफ्यावर उशांना टेकून बसले होते. मोठ्या हाडाचा माणूस, आता नुसती हाडं. मी ओळ न् ओळ मराठीत सांगितली.

"तू खरंच वकील हायस?" त्यांनी विचारलं.

"इथे कोर्टात नाही बोलू शकत, काका."

"मग काय करतेस?"

"कागद करते."

"म्हणजे आमच्यासारखी. डेकवर मरमर आपण करायची, वर कप्तानाच्या ब्रिजवर उभा राहणार दुसराच." हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ आली. रूपालीने पाठ चोळली.

अर्ज असिस्टंट रजिस्ट्रारपुढे आला. हायकोर्टातली ही पहिली पायरी समजा. समोर कंपनीचे वकील मिस्टर चुआ, उंच, अतिशय सभ्य. ते म्हणाले की दावाच नाही तर साक्ष कशाची? रजिस्ट्रारने ऐकून घेतलं आणि शुक्रवारी आदेश दिला. पुढच्या गुरुवारी सकाळी दहा वाजता, हौगांगच्या फ्लॅटवर साक्ष घ्यावी. हा अंतरिम आदेश. म्हणजे केसचा निकाल नाही, वाटेत दिलेला हुकूम.

त्या चार दिवसांत मी सगळं जमवलं. साक्ष घेणारे एक वकील कोर्टाने नेमले होते, त्यांची वेळ. टाइप करणारी बाई. मराठीचा दुभाषा, जो इथे सहज मिळत नाही. शेवटी बुकित तिमाहला राहणाऱ्या गोखलेबाई सापडल्या. पुण्यात शाळेत शिकवायच्या, आता मुलाकडे असतात. कोर्टात जाऊन शपथ घेऊन आल्या. मला म्हणाल्या, "हर्णैकडची बोली मला कळेल ना गं? मी आपली सदाशिव पेठेतली."

"कळेल हो. ते सावकाश बोलतात."

मंगळवारी दुपारी मिस्टर चुआंचं ईमेल आलं. सोबत अपिलाची नोटीस. त्यांनी आदेशाविरुद्ध जजकडे अपील केलं होतं. खाली दोन ओळी. अपील दाखल झालेलं असल्यामुळे गुरुवारचं काम होणार नाही असं आम्ही धरून चालतो, कृपया कळवावे.

मिस ओंग त्या दिवशी दुसऱ्या केसच्या सुनावणीत होत्या, फोन बंद. मी रत्नागिरीला दोन वर्षं एका वकिलांकडे काम केलं होतं. तिथे मी एकच गोष्ट रोज पाहिली. प्रकरण वर गेलं की खाली सगळे हात बांधून बसतात. बेलीफ येत नाही, मोजणीवाला येत नाही. पक्षकार विचारतो, "काय झालं?" वकील म्हणतात, "वर गेलंय, थांबा." मला ते कायद्याइतकं पक्कं वाटत होतं. पलीकडच्या टेबलावर आमची ज्युनियर वकील बसली होती. तिला विचारता आलं असतं. पण ती माझ्याहून आठ वर्षांनी लहान, इथल्याच विद्यापीठातली, आणि असली बाळबोध गोष्ट तिला विचारायची मला लाज वाटली. एलएल.बी. झालेय ना मी.

मी उत्तर लिहिलं की ठीक आहे, गुरुवार रद्द, नवी तारीख कळवू. मग साक्ष घेणाऱ्या वकिलांना, टाइपिस्टला आणि गोखलेबाईंना कळवलं. रूपालीलाही फोन केला. वीस मिनिटांत चार दिवसांचं काम मोडलं आणि फाइलवर तारीख घालून व्यवस्थित नोंदही केली.

बुधवारी दुपारी मिस ओंग माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"टुमॉरो टेन ओ'क्लॉक, एव्हरीथिंग ओके?"

"कॅन्सल केलं. त्यांनी अपील केलंय."

त्यांनी हातातली कॉफी टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या, "देअर इज अ स्टे?"

स्टे म्हणजे स्थगिती. आदेश तात्पुरता थांबवणारा वेगळा आदेश.

"नाही. अपील आहे."

"अपील इज नॉट अ स्टे, स्मिता. अपील इज ओन्ली अपील. स्टे पाहिजे तर त्यांनी वेगळा मागायला हवा. मागितलाय का?"

"नाही."

"तुमच्याकडे अपील केलं की थांबतं?"

मी तेव्हा पहिल्यांदा नीट विचार केला. "कायद्याने नाही थांबत," मी म्हणाले. "पण सगळे थांबतात."

"इथे कॅन्सर थांबत नाही, लाह," त्या इथल्या सवयीच्या 'लाह'ने वाक्य संपवत म्हणाल्या, आणि फोन उचलला.

साक्ष घेणाऱ्या वकिलांनी गुरुवार दुसऱ्या कामाला देऊन टाकला होता. मिस्टर चुआ फोनवर म्हणाले, "तुमच्या ऑफिसनेच लेखी मान्य केलंय." ते खोटं बोलत नव्हते. संध्याकाळपर्यंत त्यांनी स्थगितीचा अर्जही दिला, जो मंगळवारी त्यांना सुचला नव्हता. आता त्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत साक्ष घेणारे वकील नवी तारीख द्यायला तयार नव्हते. माझ्या ईमेलमुळे त्यांना एक दिवस मिळाला. एवढा एक दिवस त्यांना पुरला.

मी राजीनामा लिहून नेला. मिस ओंगने तो वाचला, घडी घालून मला परत दिला. "फाइलवर नाव माझं आहे. मिस्टेक माझी. तू उद्या हौगांगला जा आणि सॉरी म्हण. ते माझ्याने मराठीत होणार नाही."

गुरुवारी सकाळी दहाला मी त्या फ्लॅटच्या दारात उभी होते. रूपालीने दार उघडलं. तिचे डोळे सुजलेले. "मी सांगितलं होतं त्यांना, आज नाही म्हणून," ती हळूच म्हणाली. "तरी पहाटे उठून दाढी करून घेतली जावयाकडून."

काका खुर्चीत ताठ बसले होते. पांढरा शर्ट, वरचं बटण लावलेलं. केसांना तेल. समोर चार खुर्च्या मांडलेल्या.

"कोर्ट कुठाय?" त्यांनी विचारलं.

"आज नाही येणार, काका. माझी चूक झाली. मी तारीख काढून टाकली. काढायला नको होती."

त्यांनी शर्टाचं वरचं बटण काढलं. मला वाटलं, रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

"बस," ते म्हणाले. "आज माझा आवाज हाय. उद्याचं माहीत न्हाय. मी सांगतो, तू ऐक."

आणि त्यांनी सांगितलं. सकाळी आठची वेळ, टाक्या धुऊन झालेल्या. मीटर बिघडलेलं, दुरुस्तीला काढून ठेवलेलं. सेकंड ऑफिसरने आदल्या टाकीचे आकडे बघून परमिट भरलं, सही केली आणि काकांच्या हातात दिलं. संतोष टाकीच्या तोंडाशी आला. त्याने विचारलं, "सर, मीटर लावलं?" ऑफिसर म्हणाला, "झालंय, उतर, जहाज बंदरात न्यायला पायलट येतोय." संतोषने काकांकडे बघितलं. काकांनी हातातला कागद वर करून दाखवला, परमिट आहे म्हणून.

"मी कागद दाखवला, म्हणून तो उतरला," काका म्हणाले. "दुसऱ्या शिडीच्या वळणावर खाली बसला. थकल्यासारखा. मी हाक मारली, त्याने वर बघितलं न्हाय. मी मागं उतरलो न्हाय. नियम हाय, मागं उतरायचं न्हाय, न्हायतर दोन जातात. मी नियम पाळला. हवेची टाकी पाठीला लावून माणूस येईपर्यंत मी वर दोरी धरून उभा होतो. नुसती दोरी. परमिट नंतर ऑफिसरने माझ्याकडनं घेतलं. पुन्हा मी ते बघितलं न्हाय."

ते थांबले. पाणी प्यायले.

"तो विचारून उतरला. एवढं लिही. विचारून उतरला."

पाऊण तास बोलले. एक शब्द इकडचा तिकडे नाही. मी उलटे प्रश्नही विचारले, मिस्टर चुआ विचारतील तसे. अंतर किती होतं? चष्मा होता का? सही होताना बघितली की नुसतं ऐकलं? प्रत्येकाचं उत्तर सरळ आलं. माझ्या नोकरीत मी ऐकलेली ती सर्वांत चोख साक्ष. पण शपथ नव्हती, समोरचा वकील नव्हता, कोर्टाचा माणूस नव्हता. माझ्या वहीतली नोंद म्हणजे आमच्याच ऑफिसच्या बाईने लिहिलेला मजकूर. समोरच्या चारही खुर्च्या रिकाम्या होत्या. मी बसले होते ती स्वयंपाकघरातली पाचवी.

घरी गेल्यावर मी मुलीला सांगितलं, माझी मोठी चूक झालीय. ती तिसरीत होती. चित्र रंगवत म्हणाली, "आई, यू सेड सॉरी ऑलरेडी, देन ओके लाह." मी तिच्या डब्याच्या तयारीला लागले.

अपील आणि स्थगिती, दोन्हीची सुनावणी जजच्या चेंबरमध्ये बाराव्या दिवशी झाली. इतकी लवकर, ती सुद्धा मिस ओंगने तीन पत्रं लिहिली म्हणून. मी मागे बसले.

मिस्टर चुआ म्हणाले, "दाव्याआधी कागद मागता येतात, लेखी प्रश्न विचारता येतात. माणसाला शपथेवर बसवता येईल असं नियमात कुठे नाही. आणि त्याची गरजही नाही. आमच्या मॅनेजरने शपथेवर सांगितलंय की त्या दिवसाची सगळी परमिटं परमिट-बुकात आहेत. ह्या टाकीचं त्यात नाही. बुक बोलतं."

मिस ओंग म्हणाल्या, "कागद कपाटात ठेवता येतो, युअर ऑनर. माणूस ठेवता येत नाही."

जजनी विचारलं, "त्यांची तब्येत आज कशी आहे?"

मिस ओंगने वळून माझ्याकडे बघितलं. मला बोलायची मुभा नव्हती. मी चिठ्ठी पुढे केली. तीन दिवसांपासून अन्न नाही. काल हॉस्पिसमध्ये, शेवटच्या दिवसांच्या शुश्रूषेसाठी, हलवलं.

त्यांनी ती वाचून दाखवली. जजनी थोडा वेळ लिहिलं, मग अपील फेटाळलं. स्थगिती नाही. आणि मिस्टर चुआंना म्हणाले, "बुक बोलतं म्हणता, तर ते बुकही ह्यांना दाखवा." मिस्टर चुआ उभे राहिले. वरच्या कोर्टात जायची परवानगी मागायची आहे, तोवर तरी साक्ष थांबवावी. जज म्हणाले, "परवानगी तुम्ही मागू शकता. साक्षीदाराला तुमच्यासाठी थांबायला मी सांगू शकत नाही."

आम्ही जिंकलो होतो. लिफ्टमधूनच मिस ओंगने साक्ष घेणाऱ्या वकिलांना फोन लावला.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिसच्या खोलीत सगळे आले. साक्ष घेणारे वकील, टाइपिस्ट, मिस्टर चुआ, मिस ओंग, गोखलेबाई. ह्या वेळी खुर्च्या भरल्या होत्या. काका पलंगावर पडलेले, अंगावर चादर. दुखण्यावर दिलेल्या औषधाने डोळे अर्धवट मिटलेले. रूपालीने कानाशी जाऊन सांगितलं, "बाबा, कोर्ट आलंय."

शपथ झाली. नाव विचारलं. "यशवंत," ते म्हणाले. जहाजावर काय काम करायचात? "बोसन." मिस ओंगच्या चेहऱ्यावर थोडी आशा दिसली. मग त्यांनी इंग्रजीत विचारलं, आणि गोखलेबाईंनी स्वच्छ मराठीत सांगितलं, "त्या दिवशी सकाळी आठ वाजता तुम्ही कुठे होता?"

काकांनी डोळे मिटले. मग ओठ हलले. गोखलेबाई वाकल्या.

"ही सेज, पुल द रोप," त्यांनी सांगितलं.

साक्ष घेणारे वकील हळुवारपणे म्हणाले, "कुठली दोरी, विचारा."

गोखलेबाईंनी विचारलं. काकांचा हात चादरीवर हलला, काहीतरी धरल्यासारखा. ते बोलले. ह्या वेळी मलाही ऐकू आलं. "भरती लागली, बाबा. होडी वर घ्या."

गोखलेबाईंनी शपथ घेतली होती, ऐकलेलं सगळं सांगायची. त्या मान ताठ ठेवून म्हणाल्या, "ही सेज, द टाइड इज कमिंग इन, फादर. टेक द बोट अप."

टाइपिस्टने तेही टाइप केलं. साक्ष घेणाऱ्या वकिलांनी पेनचं टोपण लावलं. साक्षीदार उत्तर द्यायच्या अवस्थेत नाही, अशी नोंद घेऊन काम थांबवलं. मिस्टर चुआंनी फाइल उघडलीच नव्हती. "नो क्वेश्चन्स," ते म्हणाले. बाहेर पडताना ते रूपालीसमोर क्षणभर थांबले, मान लववली आणि गेले.

तांडेलकाका चौथ्या दिवशी गेले. वरच्या कोर्टाची परवानगी मिस्टर चुआंनी मग मागितलीच नाही. आता आदेश होता, साक्षीदार नव्हता.

सुनीताला मी फोन केला. माझ्या चुकीचंही सांगितलं. सगळं सांगितलं, तारीख, ईमेल, माझं न विचारणं. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "काका शेवटी काय बोलले?"

"तो विचारून उतरला, म्हणाले."

"कोर्टाने लिहून घेतलं?"

"नाही. मी लिहून घेतलं."

"बरं," ती म्हणाली, आणि बराच वेळ फोनवर तिच्या अंगणवाडीतल्या पोरांचा गलका तेवढा ऐकू येत राहिला.

राहिलं होतं परमिट-बुक. ते बघायला कंपनीच्या ऑफिसात मी गेले. मिस्टर चुआ शेजारी बसले. बुक जाड होतं. प्रत्येक परमिटाची मूळ प्रत फाडून द्यायची, खाली कार्बनची प्रत राहते, कोपऱ्यात लाल छापील नंबर. त्या दिवसाची पानं बघितली. त्या टाकीचं परमिट खरंच नव्हतं. मिस्टर चुआ म्हणाले, "सो?" मी पहिल्या पानापासून सुरुवात केली. कागद पूर्ण वाचायची माझी सवय सातवीपासूनची आहे. मी मजकूर सोडून नुसते लाल नंबर वाचत गेले. त्या दिवसाच्या दोन पानांच्या मध्ये एक नंबर नव्हता. मूळ प्रत फाडून दिली तरी राहायला हवा तो कार्बनही नाही. शिवणीशी बोट फिरवलं तर कापलेल्या कडेची बारीक रेघ लागली. अख्ख्या बुकात असा तेवढा एकच नंबर गायब होता.

मी बुक मिस्टर चुआंकडे सरकवलं. त्यांनी नंबर बघितले. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितले. "मला हे माहीत नव्हतं," ते म्हणाले. माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

एक गायब पान म्हणजे पुरावा नव्हे. काकांची साक्ष असती तर ते पान तिच्या शेजारी ठेवता आलं असतं. साक्ष आणि पान मिळून भिंत झाली असती. आमच्याकडे होतं दोन पानी इंग्रजी अ‍ॅफिडेव्हिट आणि एक भोक. मिस ओंगने तेवढ्यावर आठ महिने भांडण केलं. तोवर सुनीताचा वारसाचा कागद आला. भरपाई संतोषच्या नोकरीच्या कराराप्रमाणे मिळाली. पण सुनीताची अट पहिल्या दिवसापासून एकच होती, आणि ती शेवटपर्यंत हलली नाही.

कंपनीने सुधारलेला रिपोर्ट पाठवला. मी तो हर्णैला पाठवला आणि फोनवर तिच्याबरोबर वाचला. जुनी ओळ गेली होती. तिच्या जागी आलं होतं, "मृत खलाशी कोणत्या परिस्थितीत टाकीत उतरला, हे निश्चितपणे सांगता येत नाही."

"म्हणजे ते विचारून उतरले, असं लिहिलंय का?" सुनीताने विचारलं.

"नाही."

"मग?"

"ते न विचारता उतरले, असं आता लिहिलेलं नाही."

तिने ती ओळ परत एकदा वाचली. "बरं ताई. फ्रेम करून लावण्यासारखं नाही," ती म्हणाली. "पण फाडून टाकण्यासारखंही नाही."

आता माझ्या हाताखाली दोन मुली काम करतात. अपिलाची नोटीस आली की मी त्यांना एकच प्रश्न विचारते, स्टे आहे का? नसेल तर काम चालू. आणि माहीत नसेल तर पलीकडच्या टेबलावर विचारायचं, डिग्री कितीही मोठी असो.

बाबांचा तो कागद अजून आईकडे ट्रंकेत आहे. त्यातली ओळ मी कधी बदलू शकले नाही. संतोषच्या कागदावरची एक ओळ बदलली. बदलून खरी झाली नाही, फक्त खोटी राहिली नाही.